वाचतो घडाघडा, कळत मात्र नाही

प्रेषक: निळ्या गटातल्या एका मुलाची आई
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

नाटकाच्या तालमींच्या मेल्समध्ये हरवू नये म्हणून विषय वेगळा टाकलाय.

आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे. शाळा दुसऱ्या भाषेत, मराठी घरी आणि रविवारच्या वर्गात. बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली. परवा एक उतारा दिला तर बातम्या द्याव्यात तसा न अडखळता वाचला. मी मनातून खूश. मग सहज विचारलं, "काय झालं रे गोष्टीत?" तर म्हणे, "खूप आजोबा होते."

उतारा देतेय:

"दुपारच्या उन्हात आजोबा विहिरीपाशी उभे होते. त्यांनी दोर खाली सोडला. बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला, तसे ते दोन पावलं मागे सरले आणि ओढू लागले."

एकच आजोबा आहेत हो यात! पुढे काहीही विचारलं की खांदे उडवतो. रोज दोन पानं जास्त वाचून घेऊ का? घरातून दुसरी सूचना अशी आली आहे की शब्दार्थ पाठ करून घ्यावेत. कुणाचा काही अनुभव?

— निळ्या गटातली आई

*

प्रेषक: रविवारच्या वर्गाची ताई
सोमवार, सकाळी ७:१५

"खूप आजोबा" वाचून हसले, पण पोराचं कौतुकही वाटलं. त्याचं व्याकरण चुकलेलं नाही. "मुलगे उभे होते" म्हणजे अनेक, मग "आजोबा उभे होते" म्हणजे अनेक का नाही? आदरार्थी बहुवचन कानावर पडलं असेल तरच कळतं. घरात सगळेच "तू" असतील तर ते पडणार कुठून? पुढच्या वाक्यातलं "ते" तर तिहेरी आहे: ते आजोबा, ते सगळे आणि ते मूल. आपण न बोलता निवड करतो, त्याला करता येत नाही.

देवनागरीची एक गंमत आहे. च चाकातला की चंद्रातला, एवढे मोजके अपवाद सोडले तर जे लिहिलंय तेच वाचायचं असतं. त्यामुळे आपली मुलं अर्थाचा गंध नसतानाही सफाईने वाचू शकतात, आणि आपण फसतो. ज्या भाषांचं स्पेलिंग वाकडं असतं तिथे न कळलेला शब्द वाचतानाच अडखळतो. आपल्याकडे तो सुळकन निघून जातो.

तेव्हा जास्त पानं नकोत. आधी एक करा. उतारा तुम्ही वाचा, त्याने फक्त ऐकायचं, पुस्तक बंद. मग तेच प्रश्न विचारा. ऐकून कळलं तर अडचण वाचनात आहे: सगळा जीव अक्षरं लावण्यात जातोय, आणि मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी, तिथवर पोचेपर्यंत सुरुवात निसटते. ऐकूनही कळलं नाही तर अडचण भाषेत आहे. मग वाचनाचा कितीही सराव करा, उपयोग शून्य.

गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हेच सूत्रात मांडलं होतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो.

आणि त्याला उत्तरं त्याच्या शाळेच्या भाषेत देऊ द्या. त्याला कळलंय की नाही, ते आपल्याला बघायचंय.

— ताई

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, आजोबा (एकच)
सोमवार, दुपारी ३:०५

ताईंचं बाकी सगळं मान्य. शेवटचं वाक्य अमान्य.

उत्तर दुसऱ्या भाषेत चालतं म्हटलं की मूल आयुष्यभर दुसऱ्या भाषेतच उत्तर देतं. माझी थोरली नात त्याचं जिवंत उदाहरण आहे. मी मराठीत विचारतो, ती तिकडच्या भाषेत उत्तर देते. संभाषण छान चालतं, फक्त मराठी एकटा मीच बोलत असतो. आमच्या वेळी पाठांतर होतं. कविता पाठ झाली की अर्थ मागाहून, कधी कधी वीस वर्षांनीही, आपोआप उमगायचा. तुम्ही लोक पाठांतराला इतकं का घाबरता?

— आजोबा

*

प्रेषक: मंडळाचा जावई
सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार. मी मराठी चार वर्षं शिकत आहे. हा मेल मी स्वतः लिहिला, बायकोने फक्त चार जागी हसून दाखवलं.

त्या मुलाची बाजू घेतो. पहिल्या वर्षी मी वाचलं, "त्याने चिठ्ठी लिहिली." मला वाटलं कोणीतरी बाई आहे, कारण "लिहिली". मी अर्धं पान त्या बाईला शोधत होतो. मग कळलं, क्रियापद चिठ्ठीच्या मागे गेलं, माणसाच्या नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मराठी माणसाला हे दिसतच नाही.

दुसरं, शब्दकोश. "उन्हात" शोधलं, नाही. "उन्ह" शोधलं, पुढे काही कळलं नाही. शब्द आहे "ऊन". "देवळात" शोधलं तर शब्द "देऊळ". "कापसाचा" तर "कापूस". मला शब्द माहीत होता, पण त्याने कपडे बदलले की मी ओळखत नव्हतो. शब्दार्थ पाठ करून हे सुटत नाही. मी पाठ केले होते.

— जावई

*

प्रेषक: रविवारच्या वर्गाची ताई
मंगळवार, सकाळी ६:५०

जावईबापू, "त्याने कपडे बदलले की मी ओळखत नव्हतो" हे वाक्य मी वर्गाच्या फळ्यावर लिहिणार आहे, आताच सांगून ठेवते.

वर्गात मी दोन वर्षं शब्दांच्या याद्या देत होते. उजवीकडे अर्थ, डावीकडे शब्द, शुक्रवारी चाचणी. दहापैकी दहा यायचे. तेच शब्द रविवारी गोष्टीत आले की मुलं पुन्हा कोरी. कारण यादीत "पाणी" होतं आणि गोष्टीत "पाण्याला". चूक माझी होती, मुलांची नाही. आता मी जोड्याच देते: ऊन–उन्हात, मूल–मुलाला, भाऊ–भावाने, लाकूड–लाकडाचा. आणि फक्त त्या आठवड्याच्या उताऱ्यातल्या. उतारा चाळून आधी रूपं ओळखायची, मग वाचायचं. पाच मिनिटांचं काम.

उतारा निवडताना एक आकडा लक्षात ठेवा. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. तो अभ्यास इंग्रजी शिकणाऱ्यांवरचा आहे, आणि मराठीत मोजणी आणखी कडक करावी लागेल, कारण ऊन येणाऱ्याला "उन्हात" येतंच असं नाही. वरचा उतारा जेमतेम पंचवीस शब्दांचा. त्यात "विहिरीपाशी", "टेकल्याचा", "सरले" हे तीन जरी अडले तरी मुलगा एकटा वाचूच शकणार नाही. सोबत वाचायला मात्र तो उत्तम आहे.

आजोबा, तुमच्याशी भांडण नाही. कळणं आणि बोलणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, एकाच वेळी घेतल्या तर मूल दोन्हींत गप्प बसतं. आधी कळलंय का ते बघू, त्याला जमेल त्या भाषेत. मग त्यानेच जे सांगितलं ते मी मराठीत म्हणते आणि तो माझ्यामागे म्हणतो. विचार त्याचा असतो, शब्द उसने. तुमच्या नातीच्या बाबतीत ही दुसरी पायरी राहून गेली असावी, असं मला वाटतं.

आणि पाठांतराला घाबरत नाही. अर्थ वीस वर्षांनी उमगला, कारण ती वीस वर्षं तुमच्या आजूबाजूला मराठी होती. इथे ती कोण पुरवणार?

— ताई

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, आजोबा
मंगळवार, सकाळी ११:३०

दुसरी पायरी राहिली, खरं आहे. वाईट वाटलं, पण खरं आहे.

माझ्याकडून एक भर. मी गोष्ट सांगताना मध्येच थांबतो. "आजोबांनी दोर ओढला, ओढला, आणि बादलीत..." आणि गप्प. धाकटा नातू हमखास काहीतरी बोलतो. पुढे काय होईल हे सांगायला मागचं समजलेलं असावं लागतं. बेडूक म्हणाला तर गाडी रुळावर आहे. चंद्र म्हणाला तर जास्तच रुळावर आहे.

— आजोबा

*

प्रेषक: एक सभासद
मंगळवार, दुपारी १२:०२

कृपया सगळ्यांना उत्तर पाठवणं टाळावं. मीटिंगमध्ये फोन सारखा वाजतोय.

*

प्रेषक: तोच सभासद
मंगळवार, दुपारी १:४५

वाचले सगळे मेल. माझी मुलगी सात वर्षांची आहे. मलाही ठेवा यात.

*

प्रेषक: निळ्या गटातल्या मुलाची आई
शनिवार, रात्री ११:१०

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. आधी मी वाचून दाखवलं, पुस्तक बंद. ऐकूनही अर्धंच कळलं. म्हणजे अडचण भाषेत. अक्षरांत नाही हे कळल्यावर जरा हलकं वाटलं, कारण मी त्याला आळशी समजत होते.

मग त्याच्या शाळेच्या भाषेत विचारलं, आजोबा काय करताहेत? म्हणाला, दोरी टाकून कुणालातरी वाचवताहेत. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं की त्याचं उत्तर मुळीच वेडं नाही. दोर खाली सोडला, खालून आवाज आला, मागे सरून ओढायला लागले. विहीर काय ते माहीतच नसेल तर दुसरं काय डोळ्यांसमोर येणार? बादली म्हणजे त्याला बहुतेक खाली अडकलेल्या माणसाचं नाव वाटलं.

शब्दाचा अर्थ सांगून भागणार नव्हतं. उंच डबा घेतला, तळाशी पाणी घातलं, पेनाच्या टोपणाला दोरा बांधला. टोपण पाण्यावर तरंगायला लागलं, बुडेचना. त्यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी त्यानेच एक छोटा खडा आत टाकला आणि टोपण भरून वर आलं. तेव्हा त्याने उतारा परत मागितला. स्वतःहून. "टेकल्याचा आवाज" वाचताना थांबला आणि म्हणाला, "आत्ता आला तो!"

"मागे सरले" अजून अडलंय. त्याचं म्हणणं, मागे का जायचं, दोर तर पुढे आहे. खरं सांगू? मलाही नीट सांगता आलं नाही.

— निळ्या गटातली आई

*

प्रेषक: रविवारच्या वर्गाची ताई
रविवार, सकाळी ८:००

तो खडा पुढच्या वर्गाला घेऊन या.

हे तुम्ही जे केलंत त्याच्यासारखाच एक प्रयोग आहे. रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाची प्रतिकृती पुढे ठेवून डाव लाकडी खेळाडू हलवून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल ठाऊक असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्या पोराला विहीर ठाऊक नव्हती, एवढंच. नवीन गोष्ट देण्याआधी त्या गोष्टीतली वस्तू, जागा, काम यांबद्दल दहा मिनिटं नुसतं बोलायचं, जमलं तर हाताने करायचं. मी आता एकाच विषयावर तीन-चार आठवडे राहते. विहीर, मग पाऊस, मग नदी. शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, दर वेळी वेगळ्या कपड्यांत.

जावईबापूंसाठी वेगळा खुराक आहे. उताऱ्यात मोकळ्या जागा सोडायच्या. ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली, ठरावीक अंतराने एकेक शब्द गाळायचा. मी मात्र शब्दांऐवजी शेपट्या गाळते: "उन्हा__ आजोबा विहिरी__ उभे होते." मोठ्या माणसांना हे कोड्यासारखं आवडतं. मुलांना अजिबात आवडत नाही, तेव्हा त्यांच्यावर लादू नका.

"मागे सरले"चं उत्तर दोऱ्यानेच द्या. डब्याच्या काठाला चिकटून ओढायला सांगा, मग दोन पावलं मागे जाऊन ओढायला सांगा.

— ताई

*

प्रेषक: निळ्या गटातल्या मुलाची आई
रविवार, रात्री ९:३५

ओढलं. मागे गेल्यावर डबाच आडवा झाला, पाणी सगळं जमिनीवर. म्हणाला, "आजोबांची विहीर जड असणार." मराठीत म्हणाला.

फरशी पुसतेय. बाकी उद्या.