शब्दचर्चा : ‘दात येणे’ हे मृत्यूचं कारण कसं लिहायचं?

विचारणा
लंडनच्या सेंट जेम्स पॅरिशवर (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग; सोहो या वस्तीचा काही भाग त्यात येतो) एक लेख मराठीत आणतेय. काळ १८५०च्या आसपासचा. मृत्यूच्या नोंदींत टीदिंग, कन्व्हल्शन्स, डिक्लाइन, डिबिलिटी, नुसतंच फीव्हर अशी कारणं आहेत. संपादक म्हणतात, आजच्या आजारांची नावं घाला. घालू का? आणि पॅरिशला काय म्हणू?

प्रतिसाद
अजिबात घालू नका, ताई. डिक्लाइन म्हणजे ‘खंगणे’. बहुतेकदा तो क्षयच असणार, पण तसं लिहिलेलं नाही ना! कन्व्हल्शन्सला ‘आकडी’, डिबिलिटीला ‘अशक्तपणा’ चालेल. टीदिंगला सरळ ‘दात येताना’. दात येण्याच्याच वयात मूल वरच्या दुधावर यायचं, आणि ते दूध, ती बाटली, ते पाणी कसलं असेल याची कल्पना करा. हगवणीचं खापर दातांवर फुटायचं. आपल्याकडच्या आज्या अजून तेच करतात.

फीव्हरला ‘विषमज्वर’ (म्हणजे टायफॉइड) तर मुळीच नको. टायफस उवांमुळे होतो, टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून. इंग्लंडच्या सरकारी तक्त्यांत हे दोन ताप १८६९पासून वेगळे झाले. त्याआधीच्या नोंदीत ‘ताप’ एवढंच खरं.

प्रतिसाद
पॅरिशला आमच्या वसईकडे ‘धर्मग्राम’ म्हणतात.

प्रतिसाद
वसईला शोभतो, सोहोला नाही. तिथल्या पॅरिशची व्हेस्ट्री, म्हणजे स्थानिक कारभार पाहणारी सभा, गटारं आणि दिवाबत्तीही बघायची आणि १८५५च्या कायद्यानंतर तिला आरोग्य अधिकारीही नेमावा लागला. ‘धर्मग्राम’ म्हटलं की नुसतं चर्च डोळ्यांसमोर येतं. ‘पॅरिश’च ठेवा.

प्रतिसाद
पण वाचकाला ‘अशक्तपणाने मृत्यू’ वाचून काय बोध होणार? संपादकांचं अगदीच चूक नाही.

प्रतिसाद
बोध व्हायला याच पॅरिशमधली एक नोंद पुरे. २ सप्टेंबर १८५४, ४० ब्रॉड स्ट्रीट, पाच महिन्यांची मुलगी. कारण : चार दिवसांपूर्वी जुलाब लागून आलेला थकवा. कॉलऱ्याचं नावही नाही. त्याच आठवड्यात त्या गल्लीत माणसं पटापट मरत होती. कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचं ऐकून तिथल्या सार्वजनिक पंपाचा दांडा ८ तारखेला काढला गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पंपाच्या विहिरीत घाण आली कुठून?

हेन्री व्हाइटहेड हा तिथलाच तरुण पाद्री, आणि आधी स्नोचं म्हणणं त्याला पटलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी नोंदी चाळताना त्याची नजर या ओळीवर थांबली. तारखेवरून चार दिवस मागे मोजले तर हे बाळ साथीचा भडका उडण्याआधीच आजारी पडलेलं! तो आईला जाऊन भेटला. बाळाची दुपटी धुतलेलं पाणी तिने घरासमोरच्या मैलाखड्ड्यातही टाकलं होतं. खणून पाहिलं तर खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत, आणि विटांचं बांधकाम खिळखिळं झालेलं.

आता या नोंदीचं मराठी ‘कॉलरा’ असं करून टाकलं, तर व्हाइटहेडने शोधलं काय, हे कुणालाच कळणार नाही. आधुनिक नाव तळटीपेत द्या, तेही ‘बहुधा’ लावून.

प्रतिसाद
शिवाय १८३७पासून सरकारी नोंदणी असली, तरी डॉक्टरच्या दाखल्याची सक्ती १८७४च्या कायद्याने आली. तोवर पुष्कळदा घरच्यांनी सांगितलेलंच कारण वहीत चढायचं.

विचारणा करणारी
पटलं. आणखी दोन शब्द : सरकारी नोंदणी कार्यालयातले आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांच्या आजारांच्या वर्गीकरणातला ‘झायमॉटिक’, आणि कॉलऱ्याला ‘पटकी’ चालेल का?

प्रतिसाद
झायमॉटिक तसाच ठेवा. ‘संसर्गजन्य’ केलात तर अर्थ बदलतो. आंबवण्यासारखी काहीतरी क्रिया रक्तात घडते, अशी फार यांची कल्पना होती आणि देवी, गोवर, जुलाब, कॉलरा सगळे त्या एका वर्गात बसवले होते.

पटकी छानच, पण जपून. तेव्हाचे इंग्रज ‘एशियाटिक कॉलरा’ आणि ‘इंग्लिश कॉलरा’ असे दोन मानत. दुसरा म्हणजे उन्हाळ्यातल्या उलट्या-जुलाब. पहिल्याला पटकी म्हणा. दुसऱ्याला माझं मत ‘मोडशी’ला. गंमत अशी की १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात हाच शब्द पोर्तुगीज वळणाने खऱ्या पटकीसाठी आलाय. आज मात्र आपण मोडशी म्हणतो ती अजीर्णाच्या उलट्या-जुलाबांना, म्हणून इथे नेमकी बसेल.