जीबीएस, चिकन आणि पाणी: बातम्यांनी घाबरवलं की जागं केलं?

धायरीकर:
2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, यात जंतुसंसर्गानंतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात) पेशंट सापडायला लागले तेव्हाचे चॅनल आठवा जरा. लाल पट्टी, व्हेंटिलेटरचा फोटो आणि चिकन खावं की नाही यावर अर्धा अर्धा तास चर्चा. नंतर व्हॉट्सॲपवर पनीर आणि भातसुद्धा आरोपीच्या पिंजऱ्यात. आता साधा हिशोब बघा. पेशंटच्या तपासणीत एनआयव्हीला (पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था) कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जंतू सापडला, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरसही सापडला. कॅम्पायलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात असतो हे खरं, पण नीट शिजवलं की मरतो, आणि मैलापाणी मिसळलेल्या पाण्यातून पण तोच येतो. चिकन तर कोथरूड, हडपसर, कॅम्प सगळीकडे खातात की, मग पेशंटचा गठ्ठा नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी याच पट्ट्यात कसा? ही गावं (धायरी आधीच होती) 2021 ला महापालिकेत आली, पण नांदेडच्या विहिरीतलं पाणी फिल्टर न होता फक्त क्लोरीन मारून नळाला जात होतं. बातमी ही होती, कोंबडी नव्हे.

खुराडं:
भाऊ बरोबर बोललात. आमचा मुळशीला शेड आहे, कॉन्ट्रॅक्टवर. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, आमची मेहनत आणि लाईटबिल. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पक्षी तयार झाला की त्याच आठवड्यात गाडी लागायला पाहिजे, नाहीतर नुसतं खातो, वजनाचं गणित बसत नाही आणि शेवटी कंपनी आमच्या हिशोबातून कापते. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी गाडीवाला फोन उचलत नाही. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तो खरा होता, कोंबड्या मारायलाच लागल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण 2020 ला कोरोनाची अफवा, लोकांनी अक्षरशः फुकट वाटल्या कोंबड्या. दरवेळी आम्हीच का?

रात्रपाळी:
थोडं थांबा. मी पेपरात काम केलंय, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. अर्धंकच्चं चिकन खाऊ नका ही सूचना आरोग्य खात्यानेच काढली होती, ती छापायची नाही का? आणि मला सांगा, एवढा गाजावाजा झाला नसता तर विहिरीचे नमुने घेतले असते कुणी? केंद्राचं पथक आलं असतं? पाणी शुद्ध करून जारमध्ये विकणारे खासगी आरओ प्लांट सील झाले असते? या आजाराच्या एका इंजेक्शनला वीस हजाराच्या घरात पैसे आणि एका पेशंटला ती बरीच लागतात, कमला नेहरू आणि वायसीएम या महापालिकांच्या हॉस्पिटलांत मोफत उपचार जाहीर झाले ते पण बोंब झाल्यावरच. तिथले लोक पाण्याबद्दल आधीपासून ओरडत होते, पण नळाचं पाणी गढूळ ही बातमी कितीही वेळा छापा, हलत कोणी नाही. भीती वाटली तेव्हा यंत्रणा हलली, हे कडू असलं तरी खरं आहे.

नुसता_वाचक:
म्हणजे आग लावल्याशिवाय बंब येत नाही म्हणून आग लावा. वा.

धायरीकर:
@रात्रपाळी पथक पेशंट वाढले म्हणून आलं, चिकनच्या चर्चेमुळे नाही हो. आणि रोज सकाळी आकडा द्यायचात, पण हा आजार एरवीही लाखात एखाद्-दुसऱ्याला वर्षाला होतच असतो, बहुतेक जण बरे होतात, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्या आकड्याशेजारी किती जणांनी लिहिलं? आमच्या शेजारच्या मुलाला झाला होता, डिस्चार्ज घेऊन घरी आला तरी लोक जिन्यातूनच विचारपूस करून परत जायचे. पेशंट कमी झाले तसे कॅमेरे गेले, नळाच्या पाण्याच्या फिल्टर प्लांटचं पुढे काय झालं हे विचारायला कोण आलं?

रात्रपाळी:
आतल्या पानावर यायचं. तुम्ही वाचत नव्हता.

सोसायटी_सेक्रेटरी_ताई:
तुमचं दोघांचं चालू द्या, पण प्लांट सील केल्यावर लोकांनी काय प्यायचं होतं ते सांगा ना. आमच्याकडे निम्मी बिल्डिंग जारवर होती. आरओ केलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, ते जार धुतात कसे देव जाणे, तरी लोकांना वाटायचं जार म्हणजे शुद्ध. सील करणं सोपं हो, नळाला चांगलं पाणी आणणं अवघड, म्हणून आधी सोपं केलं. मी तेव्हापासून टँकर आला की पाईप टाकीत सोडायच्या आधी छोट्या बाटलीत पाणी घेते, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंब टाकते, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर टँकर परत. पहिल्यांदा परत पाठवला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला मॅडम आजपर्यंत कुणी बघितलं नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता! ही टेस्ट एकाही चॅनलने दाखवली नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कोंबडी दाखवायला वेळ होता सगळ्यांना.

खुराडं:
ताई शेडवर पण आम्ही तेच करतो, पक्ष्यांच्या पाण्याला क्लोरीन मारावंच लागतं नाहीतर बॅच जाते. आमच्या कोंबड्या तुमच्यापेक्षा बरं पाणी पितात म्हणायचं 😄

नुसता_वाचक:
हे ओटी मिळतं कुठे? आमच्या मेडिकलवाल्याला विचारलं, त्याने मेडिक्लोरची बाटली दिली.

सोसायटी_सेक्रेटरी_ताई:
मेडिक्लोर पाण्यात टाकायचं असतं, ओटी तपासायला. स्विमिंग पूलचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. आणि तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका.