स्वतःवरचा विश्वास कोणता आणि हट्ट कोणता, हे कसे ओळखावे?

प्रश्न: रेवा३३

मी गेली अकरा वर्षे एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचे पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचे, दुकान होते. शाळकरी वयापासून दर सुट्टीत त्यांच्याजवळ बसून मी जळालेली वायंडिंग (गुंडाळलेली तार) काढणे, वेढे मोजणे, नवी कॉइल मोटारीच्या खाचांमध्ये (स्लॉटमध्ये) बसवणे आणि वॉर्निश देऊन ती वाळवणे हे सारे शिकले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून दुकान बंद आहे आणि भावाला ती जागा विकायची आहे. मला मात्र नोकरी सोडून ते दुकान पुन्हा उघडायचे आहे.

आई म्हणते, पक्की नोकरी सोडून हात काळे करण्यासाठी तुला शिकवले नाही. माझे यजमान विरोध करत नाहीत, पण या विषयावर बोलतही नाहीत. दोन मैत्रिणी ‘तू करशीलच, मागे वळून पाहू नकोस’ असे सांगतात. आईच्या विरोधापेक्षा या कौतुकानेच मी अधिक गोंधळते, कारण त्या दोघींपैकी कोणीही मला कधी काम करताना पाहिलेले नाही. अशा वेळी माणसाने कोणाचे ऐकावे? आणि आपल्याला जो विश्वास वाटतो तो खरा आहे की केवळ बाबांच्या आठवणीपोटी धरलेला हट्ट आहे, हे कसे तपासावे?

उत्तर: जुनी वही

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवले. चाकोरी सोडणारा माणूस एकटाच निघतो असे आपण समजतो, पण त्यांचे आयुष्य पाहिले तर तसे दिसत नाही. इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. म्हणजे चिकाटी त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. परंतु ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तो त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहिणीशी, गोदूबाईंशी. नरहरपंत आणि कर्वे यांची बिऱ्हाडे मुंबईत एकत्र होती, त्यामुळे ही माणसे एकमेकांना रोजच्या व्यवहारातून ओळखत होती. गोदूबाई स्वतः पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेत, शिकलेल्या होत्या. त्याआधी १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी कर्व्यांना बोलावले तेही त्यांच्या परिचयातल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीच.

विवाहानंतर मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्यांना घरात घेतल्यास भावाच्या कुटुंबालाही वाळीत टाकण्याची भीती घातली. तरीही 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या निर्णयामागे ज्यांची साथ होती, ती माणसे त्यांच्या घरातली आणि कामातली होती, दुरून टाळ्या वाजवणारी नव्हती. तुमच्या मैत्रिणींच्या शब्दांनी तुमचा गोंधळ वाढतो याचे कारण मला यातच दिसते.

उत्तर: माळरान

वरचे उत्तर मला पटते, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. जवळचे माणूस पाठीशी आहे एवढ्यावरून नाते चांगले ठरत नाही. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. गोपाळराव जोशी यांनी आपल्या लहान पत्नीला शिकवण्याचा ध्यास घेतला आणि त्याच ध्यासापायी तिला मारहाणही केली. अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या मारहाणीची स्पष्ट आठवण करून दिलेली आहे. गोपाळरावांशिवाय त्या डॉक्टर झाल्या असत्या का, याचे उत्तर सोपे नाही. मला मात्र त्या नात्याला आदर्श म्हणवत नाही.

दुसरीकडे न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी एका मासिकात छापलेले गोपाळरावांचे पत्र वाचले आणि अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. काय शिकायचे हे आनंदीबाईंनी आधीच ठरवलेले होते. कार्पेंटरबाईंनी राहायला घर आणि माया दिली. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यू यॉर्क राज्यात, ठेवली गेली. हे वाचताना आजही माझे मन भरून येते.

म्हणून मी विचारेन: तुम्ही दुकान काढले नाही, तरीही तुमच्यावर तेवढेच प्रेम करील असे माणूस तुमच्याजवळ कोण आहे? त्या माणसाशी आधी बोला. यजमानांच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही मनाशीच लावत असाल, तर कृपया तो त्यांनाच विचारा.

उत्तर: शेवटचा वेढा

मी सव्वीस वर्षे हाच धंदा करतो. माझ्या अनुभवात खरा विश्वास आणि हट्ट यांतला फरक परत आलेल्या मोटारीवर कळतो. मोटार कमी व्होल्टेजने जळते, एक फेज गेल्याने जळते, विहिरीतले पाणी संपल्यावर कोरडी चालल्याने जळते, आणि आपण वेढे चुकवले किंवा इन्सुलेशन नीट बसवले नाही म्हणूनही जळते. दुरुस्त केलेली मोटार महिन्याभरात परत आली, तर ती उघडून ‘ही चूक माझी’ किंवा ‘ही विजेची’ असे ज्याला पुराव्यासह सांगता येते, त्याने स्वतःवर विश्वास ठेवावा. ज्याला प्रत्येक वेळी विजेचाच दोष दिसतो, त्याने अजून कोणाच्या तरी हाताखाली काम करावे.

नोकरी लगेच सोडू नका. उन्हाळी सुट्टीत आमच्याकडे कामाचा सर्वांत मोठा रेटा असतो, तेव्हा दुकान उघडा. प्रत्येक मोटारीची नोंद ठेवा, मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्राने) तपासल्याशिवाय एकही बाहेर देऊ नका, आणि शेजारच्या गावातील एखाद्या जुन्या कारागिराला आठवड्यातून एकदा तुमचे काम पाहायला बोलवा. तो चुका काढील. त्याचा राग न येता तुम्ही त्या दुरुस्त करू लागलात, तर पुढचा निर्णय तुम्हाला फारसा जड जाणार नाही. भावालाही तेवढे महिने थांबायला सांगा. जागा कोठे पळून जात नाही.

प्रतिसाद: रेवा३३

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल यजमानांशी बोलले. ते इतके दिवस गप्प होते, कारण घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो आणि ते बोलून दाखवले तर मी बाबांचे दुकान सोडून देईन, अशी त्यांना भीती वाटत होती. रात्री आम्ही दोघांनी मिळून हप्त्याचा हिशेब मांडला. सुट्टीत दुकान उघडण्याचे ठरले आहे. भाऊ दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाला. आई अजून बोलत नाही, पण किल्ल्या तिनेच काढून दिल्या.

‘शेवटचा वेढा’ यांना एक विचारायचे आहे. बाबांच्या नोंदवहीत बऱ्याच मोटारींचे वेढे लिहिलेले आहेत, पण काही ठिकाणी तारेचा गेज (जाडीचा क्रमांक) नाही. जुन्या तारेचे जळालेले इनॅमल (वरचा लेप) पूर्ण काढून मायक्रोमीटरने मोजलेली जाडी धरली तर चालेल का, की वजनाचाही ताळा घ्यावा?