आईच्या गाठीचा रिपोर्ट ‘मॅलिग्नंट फायलॉइड्स’ आलाय, पुढे काय करायचं?

माणदेशी_लेक
नमस्कार. आई ४७ वर्षांची. दिवाळीचं फराळ करताना उजव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली म्हणे. दुखत नव्हती म्हणून तिने अंगावर काढलं. संक्रांतीला मी माहेरी गेले तर ब्लाउजची उजवी शिवण उसवून आतलं कापड सोडलेलं दिसलं. खोदून विचारलं तेव्हा कुठे तिने दाखवलं. मोसंबीएवढी गाठ, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली, निळ्या शिरा दिसत होत्या. सोनोग्राफीत ‘फायब्रोअॅडिनोमा’ आलं. साधी गाठ आहे म्हणून बायोप्सी न करताच काढून टाकली. दोन आठवड्यांनी रिपोर्ट हातात पडला: मॅलिग्नंट (म्हणजे कॅन्सरची) फायलॉइड्स ट्यूमर, ७ सेंमी, मार्जिनला (कापलेल्या कडेला) लागून.

आता शहरातले कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, परत ऑपरेशन, बहुतेक पूर्ण स्तन काढावा लागेल. पण काखेतल्या गाठी काढणार नाहीत, केमोही देणार नाहीत. आत्या म्हणते, शेजारच्या बाईला केमो दिली, पाच वर्षं गोळ्या दिल्या, मग तुम्हालाच का नाही? पैसे नाहीत म्हणून टाळतायत. आईने जेवण जवळजवळ सोडलंय. कुणाला हा आजार झालाय का?

सुजाता_कऱ्हाड
मला झालाय गं. वय ४४ होतं तेव्हा. सविस्तर लिहिते, आईला वाचून दाखव.

आधी आत्याबाईंचं. हा कॅन्सर स्तनातलाच, पण नेहमीचा नाही. नेहमीचा दुधाच्या नळ्यांच्या अस्तरातून निघतो. हा नळ्यांना धरून ठेवणाऱ्या भोवतालच्या मांसातून निघतो. स्तनातल्या शंभर गाठींत एकही धड अशी नसते, त्यामुळे शेजारच्या बाईचा हिशेब इथे लागू पडत नाही. त्या गोळ्या हार्मोनवर पोसणाऱ्या कॅन्सरसाठी असतात, यात त्यांचा उपयोग नाही. हा काखेत क्वचितच जातो, म्हणून तपासणीत काख साफ असेल तर उघडत नाहीत. ते बरंच आहे, हात सुजायची भीती टळते. मी आजही भरलेली कळशी उचलते. केमोचा सुरुवातीलाच फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, रोग पसरला तर तिचा विचार करतात. पसरला तर रक्तातून, जास्त करून फुप्फुसात. आईच्या छातीचा सीटी स्कॅन झालाय का? तू लिहिलं नाहीस. उद्याच विचार.

आता माझं. माझीही पहिली गाठ साधी समजून, शेंगेतून वाटाणा सोलावा तशी काढली होती. रिपोर्ट घेऊन जा असं कुणी म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. आठ महिन्यांनी त्याच टाक्यांखाली परत आली. तेव्हा जुना रिपोर्ट शोधून काढला तर त्यात स्पष्ट ‘बॉर्डरलाइन फायलॉइड्स’ लिहिलेलं, म्हणजे साधी आणि कॅन्सरची यांच्या मधली. दुसऱ्या खेपेला ती मॅलिग्नंट झाली होती. तो कागद हातात धरून मी त्या दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसले होते, मला आठवत नाही. म्हणून कळकळीने सांगते, दुसरं ऑपरेशन टाळू नका, पुढे ढकलू नका. या आजाराचं मुख्य औषध म्हणजे गाठीभोवती चांगल्या मांसाची निदान १ सेंमी कड घेऊन ती काढणं. माझ्यात एवढी कड घेतल्यावर स्तन उरतच नव्हता, म्हणून पूर्ण काढला. मग पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, २५ वेळा. चौथ्या आठवड्यात काखेजवळची कातडी काळी पडून सोलली. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा मध्ये ठेवायचे, त्याने आराम पडायचा. शेकाचं तुमच्या डॉक्टरांना विचार, मॅलिग्नंटमध्ये गाठ त्याच जागी उलटू नये म्हणून बऱ्याचदा देतात.

आईसाठी पुढून बटणांचे दोन गाऊन शिवून ठेव, आत खिसा लाव. ऑपरेशननंतर नळीची बाटली घेऊन फिरावं लागतं, हातात धरायची लाज वाटते. खिशात ती नीट बसते.

लॅबवाला_दादा
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ताईंच्या बोलण्यात एक भर. जिथे गाठ तपासली तिथून फक्त कागद आणू नका, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, छोट्या प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर, कडेला नंबर लिहिलेला. तो रुग्णाला मागता येतो. परळच्या टाटासारख्या ठिकाणी गेलात तर स्वतःच्या डोळ्यांनी परत बघण्यासाठी ते हाच मागतात. प्रवासात उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

या गाठीत दुसरं मत लागतंच. एका कोपऱ्यात ती हुबेहूब फायब्रोअॅडिनोमासारखी दिसते, दुसऱ्या कोपऱ्यात सार्कोमासारखी, म्हणजे मांसाच्या कॅन्सरसारखी. सुईच्या बायोप्सीलाही म्हणूनच चकवते. गाठीत झाडाच्या पानांसारखे पदर दिसतात, त्यावरूनच १८३८ साली म्युलर यांनी ‘फायलॉइड्स’ नाव दिलं. पेशी किती वेगाने दुभंगतायत, कड किती घुसलीय, यावर बिनाइन (साधी), बॉर्डरलाइन की मॅलिग्नंट ते ठरतं.

बापू_सोलापूर
खर्चाचं बोलतो. ऑपरेशनच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. मंजुरी आधी लागते, नंतर बिल घेऊन गेलात तर काही होत नाही. मुंबईला जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, माझ्या भावाच्या वेळी आम्ही तिथेच राहिलो.

माणदेशी_लेक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सीटी झालाच नव्हता, बुधवारचा नंबर मिळालाय. ब्लॉक आज आणला, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. सुजाताकाकू, तुमचं आईला वाचून दाखवलं. कळशीचं परत वाचायला लावलं तिने. मग पहिल्यांदा अर्धी भाकरी खाल्ली आणि विचारलं, खिसा कुठल्या बाजूला लावायचा?

सुजाता_कऱ्हाड
उजवीकडेच, कमरेच्या जरा वर. नळीला ओढ बसत नाही. बुधवारी काय आलं ते इथे लिही.