बीएमआय 34, क्लेम बसत नाही: पाटल्या गहाण टाकून वजनाचं ऑपरेशन करावं का?

वडगावचा मागवाला

माझं मत आधीच सांगतो. विम्याचे पैसे मिळणार नसतील तर दागिने गहाण टाकून वजनाचं ऑपरेशन करू नये. बहिणीचं ऑपरेशन ठरत आलंय, घरात दोन तट पडलेत, म्हणून इथं मांडतोय.

ताई बेळगावच्या खानापूर तालुक्यात असते. वय 46, उंची 157 सेंटिमीटर, वजन 84, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 34. शुगर अकरा वर्षांची. तीन महिन्यांची सरासरी 9.2 आलीय. तीन गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवलंय, म्हणजे दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग कापून काढायचा.

दवाखान्यानं दिलेल्या कागदावर वर ठळक अक्षरात लिहिलंय, पॅकेज 3,60,000. खाली बारीक अक्षरात: जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरची 5 काडतुसं धरली आहेत, पुढच्या प्रत्येकाला 11,000. आयसीयू लागला तर वेगळा आकार. एंडोस्कोपी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), झोपेची तपासणी रुग्णानं आधी करून आणायची. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, बहुतेकांना काडतुसं किती लागतात? म्हणाला, पाच-सहा. मग सहावं पहिल्यापासून धरायला काय हरकत होती?

ताईची पॉलिसी पाच लाखांची, पण बीएमआय 35 च्या खाली असेल तर पैसे मिळत नाहीत. हे कळल्यावर त्याच मुलानं आवाज खाली करून सांगितलं, "अडीच किलो वाढवून आणा, मग फाइल टाकू." शुगर एवढी चढलेल्या बाईला खाऊन वजन वाढव म्हणायचं? माझं मन तिथंच उठलं.

दाजी म्हणतात, पाटल्या सोसायटीत ठेवू. तीन लाखांवर 11 टक्के म्हणजे वर्षाला 33,000 नुसतं व्याज. वर भाचीची दहावी. मला हे पटत नाही.

शहापूरची सून

दादा, तुमची काळजी कळते, पण हिशोब अर्धाच मांडलाय. ऑपरेशन न करण्याचा खर्च कुठं आहे ओ त्यात?

माझ्या भावोजींची शुगर पंधरा वर्षं अशीच वर-खाली राहिली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटे पाचला घर सोडायचं, चार तास मशीनवर, परत येताना गाडीत मान टाकून झोपलेले असतात. सोबत जाऊनजाऊन जावेची शिवणकामाची गिऱ्हाइकं तुटली. त्यांच्यासाठीही सोनं मोडलंच की, फक्त उशिरा मोडलं.

आणि एक बोलते, राग मानू नका. लग्नासाठी पाटल्या गहाण टाकल्या तर कुणी दोन तट पाडत नाही. बाईच्या वजनाचा विषय निघाला की सगळ्यांना ती हौस वाटते. हे ऑपरेशन शुगरवरचाही उपचार आहे. ताईंना विचारलंत का, त्यांचं काय म्हणणं आहे?

क्लेम डेस्क, टिळकवाडी

मी दवाखान्यात विम्याच्या फायलींचं काम करते, म्हणून आधी नियम सांगते. विमा नियामकानं 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकच मजकूर ठरवला. वय 18 पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त. 35 पासून पुढं असेल तर सोबत गंभीर आजार हवा: हृदयाचा विकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय आहार-व्यायामाचे साधे उपाय करून गुण आला नाही, याचे कागद लागतात.

सर्जनांची पट्टी वेगळी. आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून भारतातले सर्जन मधुमेह असेल तर 32.5 पासून ऑपरेशनचा विचार करतात. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तर मधुमेहींसाठी 30 चा आकडा आहे, आशियाई लोकांसाठी त्याहूनही खाली. म्हणजे डॉक्टरही बरोबर, कंपनीही तिच्या कागदाप्रमाणे बरोबर, आणि तुमची ताई मधल्या फटीत अडकली. ही फट बुजवायलाच हवी. माझ्या टेबलासमोर अशी माणसं फाइल छातीशी धरून उभी असतात आणि मला नाही म्हणावं लागतं.

वजन वाढवण्याचा सल्ला मात्र कानाआड करा. मागच्या तपासण्यांच्या कागदांवर 84 लिहिलेलं आहे. कंपनी जुने कागद मागवते. खोटेपणा सापडला तर हा क्लेम जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी खिशातूनच.

दाजी नोकरीत असतील तर त्यांच्या कंपनीच्या गट विम्याची अट वाचून घ्या. तिथं अटी काही वेळा सैल असतात.

निपाणीकर

आता ऑपरेशन कशाला? इंजेक्शनं आलीत की. मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं, आठवड्याला एक टोचायचं. वजन उतरतं, शुगरही उतरते. पोट कापून घेण्यापेक्षा हे बरं नव्हे का? माझी चुलती घेते, चार महिन्यांत नऊ किलो कमी झाले.

शहापूरची सून

निपाणीकर, चुलतींचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण बाजारात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची एक कुपी 3,500 ला होती, म्हणजे महिन्याला 14,000 आणि वर्षाला 1,68,000. पुढं डोस वाढतो तसा दरही. त्या वाढीव दरानं दोन वर्षांत ऑपरेशनची रक्कम ओलांडली. आणि बंद केल्यावर काय? सेमाग्लुटाइड नावाचं असंच दुसरं औषध घेणाऱ्यांचा अभ्यास झालाय, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत चढलं.

निपाणीकर

दर असेच राहतील असं धरू नका. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच, त्यानंतर इथल्या कंपन्यांनाही ते बनवता येतं. ज्याला तीन लाख एकदम उभे करायचे नाहीत, त्याला महिन्याचा हप्ता परवडतो. आणि नाही सोसलं तर थांबता येतं. कापलेलं जठर परत जोडता येत नाही. माझं मत बदललेलं नाही.

चिकोडीची, स्लीव्ह 2021

मी हे ऑपरेशन करून घेतलंय, म्हणून लिहिते. 124 वरून 82 वर आले, आता 89 आहे. शुगरच्या तीन गोळ्यांची एक झाली. पश्चात्ताप नाही. पण पॅकेज म्हणजे नुसती उंबऱ्यापर्यंतची वाट, पुढचं घर त्यानंतर लागतं.

पहिले आठवडे औषधाच्या टोपणानं पाणी प्यायचं. एक टोपण, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरं. पेज गाळून, डाळीचं पाणी गाळून. प्रोटीनचा डबा महिन्याला दोन लागायचे. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा जोंधळ्याची भाकरी खाल्ली, चतकोर, दुधात मऊ करून, आणि तेवढ्यावर पोट भरलं म्हणून रडू आलं. केस मुठीनं गळाले. ब्लाउज दोनदा उसवून शिवले, तिसऱ्यांदा नवेच घेतले.

बी12, लोह, कॅल्शियम, डी हे कायमचं. रक्ततपासणी दर वर्षी. वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताचे खडे होऊ शकतात, मला दुसऱ्या वर्षी झाले आणि पित्ताशय काढावं लागलं. ते विम्यात बसलं, पण तीन वेळा जाणं-येणं, सोबत कुणीतरी, हे सगळं पदरचं. लोंबणारी कातडी काढायची तर ते सौंदर्याचं ऑपरेशन धरतात आणि विमा देत नाही. मी तशीच राहिले.

काहींना स्लीव्हनंतर छातीत जळजळ सुरू होते. ताईंना आत्ताच जळजळ असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्यांना स्लीव्हऐवजी जठराच्या बायपासचा (हृदयाच्या नव्हे) विचार करावा लागेल.

मागवाल्या दादांना एवढंच म्हणेन, सोनं ठेवायला माझा विरोध नाही. पण सगळं सोनं ऑपरेशनच्या दिवशीच संपवू नका. पुढच्या दोन वर्षांसाठी काही हातात राहू द्या. माझ्या वॉर्डातल्या एका बाईनं तपासण्या आणि गोळ्या पैशाअभावी सोडल्या, तिचं रक्त एवढं उतरलं की पुन्हा भरती करावं लागलं.

उचगाव

सीमाभागात राहून आम्हाला दोन राज्यं असून एकही नाही. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं विरोध केला. अशा वेळी माणसानं सोनं नाही विकायचं तर काय करायचं?

क्लेम डेस्क, टिळकवाडी

तुमचं दुःख खरं आहे, पण इथलं कार्ड तरी काढून ठेवा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आणि एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के, दीड लाखांपर्यंत. यादीत असलेल्या उपचारांनाच मिळतं, म्हणून योजनेच्या खिडकीवर ऑपरेशनचं नाव दाखवून लेखी विचारा. अर्ज कानडीत आला तर लाजू नका, खिडकीवर वाचून द्यायला सांगा आणि न समजता सही करू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांनी सही केलेल्या कागदात काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं. ते बघून जीव तुटतो.

वडगावचा मागवाला

सगळ्यांचं वाचलं. काल खानापूरला जाऊन आलो. सूनबाईंचं खरं निघालं, ताईला आम्ही कुणी नीट विचारलंच नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाटल्या आईनं मला दिल्यात. पोटही माझं आहे. तुझ्या भाचीची परीक्षा होऊ दे, मग मी करणार." जळजळीचं विचारलं, तर रोज रात्री उशी उंच करून झोपते म्हणाली. हे डॉक्टरांना सांगितलेलंच नाही.

गहाणाबद्दल माझा जीव अजून धजत नाही, ते लपवत नाही. पण चिकोडीच्या ताईंचं पटलं. तपासण्यांचा आणि नंतरच्या गोळ्यांचा खर्च मी उचलतो, म्हणजे तेवढं सोनं घरात राहील. शनिवारी कोल्हापूरला फाइल घेऊन जातोय, दुसरं मत आणि दुसरा अंदाज घ्यायला. सहा काडतुसं धरून आकडा लिहून मागणार.

क्लेम डेस्क, टिळकवाडी

आकडा मागताना आणखी एक विचारा: रक्तस्राव किंवा टाक्यातून गळती होऊन पुन्हा उघडावं लागलं, तर तो खर्च पॅकेजमध्ये आहे की बाहेर. क्वचित होतं, पण झालं तर सगळा हिशोब उलटतो. उत्तर लेखीच घ्या. आणि ताईंचे अकरा वर्षांचे जुने कागद, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यासुद्धा, तारखेप्रमाणे लावून न्या. दाजींच्या गट विम्याची पुस्तिका मिळाली का?