मदत हवी आहे: सासऱ्यांच्या अंत्यविधीला किल्ट घालू का?

नमस्कार मंडळी,

माझे सासरे गेल्या शनिवारी गेले. स्कॉटिश होते, सगळी हयात स्टर्लिंगजवळच्या एका गावात गेली. इकडे आपल्यासारखं त्याच दिवशी नसतं, आठवडा-दोन आठवडे सहज जातात. पुढच्या गुरुवारी आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन. दोन्ही मेहुणे किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा तो चुण्यांचा घागरा, घालणार आहेत. काल सासूबाई म्हणाल्या, तूही घाल, त्यांना बरं वाटलं असतं.

माझ्याकडे आहे तो लग्नातला किल्ट, सासऱ्यांच्या घराण्याच्या लाल टार्टनचा, म्हणजे चौकटींच्या लोकरी कापडाचा. त्यावर चंदेरी बटणांचं आखूड जाकीट, बो टाय, पुढे फरची थैली म्हणजे स्पोरन, आणि पांढरे लोकरी मोजे. लग्नाच्या फोटोत झकास दिसतं, पण मयताला असा गेलो तर बँडवाल्यांपैकी एखादा वाट चुकून आलाय असं वाटेल. लाल रंग चालतो का, हेही कळत नाही.

शिवाय मला दोरी धरायची आहे. इथे शवपेटी घरची माणसंच दोऱ्यांनी खाली सोडतात. कोणी कुठे उभं राहायचं याची कार्डं येतात, माझ्या कार्डावर चार नंबर आहे. कबरस्तान टेकडीवर, वारा भन्नाट. तेव्हा किल्टचं काय होणार?

सांगलीहून आईचं म्हणणं, "जावयानं मयताला स्कर्ट घालून जायचं? काळा सूट घाल आणि गप उभा राहा." बायको म्हणते तुला हवं ते घाल. यातून काय समजायचं ते विवाहितांनी समजून घ्यावं.

जाणकारांनी लवकर सांगा, भाड्याने काही आणायचं तर दुकान गाठायला हवं.

अबर्डीनकर:
सासऱ्यांना श्रद्धांजली. सासूबाई स्वतः म्हणाल्यात ना, मग घालाच. किल्ट तोच ठेवा, वरचा साज बदला. तुमचं ते आखूड जाकीट म्हणजे प्रिन्स चार्ली, ते संध्याकाळच्या समारंभाचं. दुकानात आर्गाइल जाकीट मागा, काळं किंवा गडद करडं, बटणं साधी. पांढरा शर्ट, काळा लांब टाय. फर नको, काळ्या चामड्याचा रोजचा स्पोरन घ्या. मोजे कोळशाच्या रंगाचे. बूट काळे असले की झालं, पोटरीवर नाड्या गुंडाळायचेच हवेत असं नाही. मोज्यात खोचायची छोटी सुरी घरी ठेवा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायदा ती चालवून घेतो, पण दफनाला बरेच जण काढूनच ठेवतात.

लालचं म्हणाल तर इथे बहुतेकांकडे एकच किल्ट असतो. लग्न, बारसं, मयत, सगळीकडे तोच. मेहुण्यांना एक फोन करा, ते लाल घालत असतील तर विषय संपला. अगदीच नको वाटला तर ब्लॅक वॉच नावाच्या टार्टनचा किल्ट भाड्याने मिळतो. गडद निळा-हिरवा, आणि तो कोणीही घालावा.

खडूस_म्हातारा:
"तुझा हा टार्टन नाही" असं कोणी म्हणालंच तर कानाआड करा. १७४६ च्या कायद्याने हायलंडी, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टनमध्ये नटवलं आणि घराणं-तिथे-टार्टन या खुळाला खरा जोर चढला. कुठला टार्टन घालायला कायद्याने परवानगी लागत नाही. तुम्ही तर घरचे जावई.

अबर्डीनकर:
वाऱ्याचं राहिलं. पूर्ण मापाच्या किल्टला आठ यार्ड लोकर लागते आणि मागच्या चुण्यांचं वजन असतं, तो सहजासहजी उडत नाही. भाड्याचे काही पातळ असतात, म्हणून तुमचा स्वतःचाच बरा. पुढच्या पदराला पिन लावा, पण फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड फाटतं. दोरीसाठी फारसं वाकावं लागत नाही, उभ्यानेच हळूहळू सोडायची. अंडरटेकर, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणारा, आधी सगळं समजावतो आणि नंबर पुकारून जागेवर उभं करतो. एक नंबर डोक्याशी, तिथे सहसा थोरला मुलगा.

आणि आत चड्डी घाला! खरा स्कॉटिश माणूस आत काही घालत नाही, हे विनोद पबमध्ये ठीक आहेत.

ठाण्याची_माई:
मला किल्टमधलं काही कळत नाही. पण आमच्याकडे जावयाला खांदासुद्धा देऊ देत नाहीत आणि तुमच्या हातात त्यांनी दोरी दिलीय. आईला कपड्यांचं नका सांगू, हे सांगा. बघा काय म्हणतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. थोरल्या मेहुण्याशी बोललो, तोही लालच घालतोय. वर म्हणाला, "बाबांनी दुसरा कुठला घातलाय का कधी?" आर्गाइल जाकीट उद्या घ्यायला जातोय, काळा स्पोरन धाकटा मेहुणा देतोय. माई, आईला दोरीचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पायात लोकरीचे मोजे आहेत ना? थंडी असेल."

शेवटची शंका. नंतर हॉटेलात जेवण आहे, स्टेक पाय, म्हणजे बीफ भरलेला पाय (pie), असणार. मी बीफ खात नाही. आधी सांगावं का?

अबर्डीनकर:
हॉटेलला आजच कळवा, सासूबाईंना त्रास नको. सँडविच आणि चहा असतोच. व्हिस्कीचा पेला पुढे आला तर मात्र घ्या. पीत नसाल तर नुसता हातात धरा, पण नाही म्हणू नका.