भिगवणचे पक्षी: ८३ एक्स झूम घेऊ की डीएसएलआर?

माळरान: नमस्कार मंडळी. नुकताच बँकेतून निवृत्त झालो. राहायला बारामतीत, त्यामुळे भिगवण तासाभराच्या आत. गेल्या हिवाळ्यात कुंभारगावहून तीनदा होडीतून गेलो, पण मोबाईलमध्ये रोहित (फ्लेमिंगो) म्हणजे नुसते गुलाबी ठिपके! दुकानदार म्हणतो ८३ एक्स झूमचा निकॉन पी ९५० घ्या. भाचा म्हणतो जुना डीएसएलआर, निकॉन डी ५६०० आणि ७०-३०० मिमी लेन्स बघा. खांदा दुखरा आहे, जड नको. काय घेऊ?

नदीसुरय: काका, आधी सांगा, बसलेला पक्षी हवाय की उडता? मी चार वर्षं पी ९५० च्या आधीचा पी ९०० वापरला. झूम तोच, २००० मिमी. बांधावरचा खंड्या चोचीतल्या मासोळीसकट मिळायचा, अजून ते फोटो काढून बघते. पण नदीसुरय पक्षी पाण्यावर सूर मारतो तेव्हा होडी डुलत असते, आणि एवढ्या झूमवर जरा हात हलला की पक्षी चौकटीबाहेर. पुन्हा शोधेपर्यंत तो मासा घेऊन गेलेला.

दुसरं, उजेड. होडी सुटते उजाडताना. पी ९५० चा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) जेमतेम ६.२ × ४.६ मिमी, डी ५६०० चा २३.५ × १५.६, म्हणजे क्षेत्रफळात तेरापट. पहाटे उजेड कमी म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर गेलं की छोट्या सेन्सरवर पिसं गिलावा केल्यासारखी सपाट होतात. ती रेघ न् रेघ दिसावी म्हणून तर आपण एवढ्या थंडीत जातो ना!

वजनाचं म्हणाल, तर डी ५६०० आणि हलकी एएफ-पी ७०-३०० मिळून किलोच्या आत. पी ९५० त्याहून थोडा जडच. जुनी लेन्स घेताना टॉर्च मारून आत बुरशी आहे का ते बघाच. माझ्या पहिल्या लेन्समध्ये निघाली होती, पैसे बुडाले.

पाणथळ: थोडी असहमती. ३०० मिमीची लेन्स डी ५६०० वर ४५० मिमीसारखी चालते, लांबच्या थव्याला अपुरी पडते. पट्टकदंबाच्या (डोक्यावर पट्टे असलेल्या हंसाच्या) पायात अभ्यासकांनी घातलेल्या कड्यावरचा नंबर मी पी ९५० मुळेच वाचू शकलो.

नदीसुरय: खरंय, नोंदी ठेवायच्या तर पी ९५०च. म्हणून तर काकांना आधी विचारलं.

माळरान: उडता हवाय, ताई. घरी रोहितांचा थवा मोठा प्रिंट करून लावायचाय. भाच्याच्या मित्राकडे डी ५६०० आहे, रविवारी तो घेऊन जातो. शटरचा वेग किती ठेवू?

नदीसुरय: १/१६०० सेकंदापासून सुरू करा. आणि नावाड्याला थव्यापासून लांबच इंजिन बंद करायला सांगा.